संकल्पनाप्रधान ध्वनिमुद्रिका

संकल्पनाप्रधान ध्वनिमुद्रिका : एकाच कथासूत्राने, विषयाने वा भाववृत्तीने बांधलेल्या आणि सलग ऐकल्या जाव्यात या हेतूने क्रमबद्ध केलेल्या गीतांची व वाद्यरचनांची ध्वनिमुद्रिका अथवा ध्वनिमुद्रिकासंच. इंग्रजीत हा प्रकार ‘कॉन्सेप्ट अल्बम’ या नावाने ओळखला जातो. सुट्या गीतांच्या संग्रहात प्रत्येक गीत स्वयंपूर्ण असते आणि त्यांचा क्रम बदलल्याने फारसे बिघडत नाही. संकल्पनाप्रधान रचनेत मात्र मागचे गीत पुढच्याला अर्थ देते, एखादी सुरावट ठिकठिकाणी परत येते आणि अखेरचे गीत ऐकून झाल्यावरच पहिल्याचे प्रयोजन पुरते उमगते. या प्रकाराचा परमोत्कर्ष १९६७ ते १९७९ या काळात, मुख्यतः इंग्लंडमधील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या संगीतप्रवाहात झाला. तथापि त्यामागील एकसूत्री गायनाची प्रेरणा ध्वनिमुद्रणाहून फार जुनी आहे. महाराष्ट्रात तिची दोन ठळक रूपे आढळतात : पूर्वेकडील अरण्यप्रदेशातील गोंडी कथागायन आणि पुणे नभोवाणी केंद्रावरील गीतरामायण.

ध्वनिमुद्रणपूर्व परंपरा : वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा प्रदेश ‘झाडी’ किंवा ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जातो. यांपैकी गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. भातशेती आणि घनदाट वने यांच्या या प्रदेशात मनोरंजनाचे व धर्मविधींचे माप घटका-दोन घटकांचे नसून रात्रीचे असते. दंडार हा येथील लोकनाट्यप्रकार आणि त्याच्या पार्श्वभूमीवर वाढलेली झाडीपट्टीची नाटके ही रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. वडसा (देसाईगंज) हे या नाटकमंडळ्यांचे प्रमुख केंद्र असून दिवाळीनंतर सुगीच्या दिवसांत त्यांचा हंगाम भरात असतो. नाटकातील गाणी प्रत्यक्ष रंगमंचावर, वादकांच्या साथीने गाइली जातात. येथे गीत हे स्वतंत्र नग म्हणून येत नाही. प्रसंगातून ते उगवते आणि प्रसंगातच विरते.

गोंडांमध्ये वंशकथा व देवकथा गाण्याचा अधिकार परधानांकडे असतो. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट असून किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने ते यजमानांच्या कुळांची आणि देवतांची कथा गातात. या कथांचा नायक लिंगो हा गोंडांना बंधनातून मुक्त करणारा, त्यांची कुळे पाडणारा आणि त्यांना पूजाविधी व विवाहविधी घालून देणारा संस्थापक पुरुष होय. लिंगो हा संगीतकारही आहे. बस्तरच्या मुरिया गोंडांत तो एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवीत असे, अशी कथा प्रचलित आहे. व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) यांनी मुरियांवरील आपल्या १९४७ च्या ग्रंथात ती नोंदविली आहे.

लिंगोगीताचा पहिला महत्त्वाचा लिखित पाठ स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) या नागपूरवासी स्कॉटिश मिशनऱ्याने मिळविला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुडून त्याचा अंत झाला. त्याच्या मृत्यूनंतर मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्याची टिपणे संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. या पाठाचे पाच भाग आहेत : सृष्टीची उत्पत्ती व गोंडांचे बंधन, लिंगोचा जन्म व मृत्यू, त्याचे पुनरुज्जीवन व गोंडांची सुटका, कुळांची विभागणी व पूजेची स्थापना आणि विवाहविधीची स्थापना. एका सूत्रात ओवलेल्या गीतमालिकेचे सर्व विशेष या आराखड्यात दिसतात. मात्र मुद्रित पृष्ठावर उतरले ते शब्द. ज्या सुरावटीत व ज्या वाद्याच्या साथीने ते गाइले गेले, ती मागे राहिली. संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे, कारण कथागायनात शब्दांची पुनरावृत्ती, विराम आणि कथनाचा वेग हे सारे सुरावटीच्या आधाराने ठरत असते.

पाश्चात्त्य कलासंगीतात एकसूत्री गीतमालिकेची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. बेथोव्हनची १८१६ मधील सहा गीतांची मालिका आणि शूबर्टची विल्हेल्म म्यूलरच्या काव्यावरील ‘विंटररायझ’ (१८२७) ही चोवीस गीतांची मालिका ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. दुसऱ्या मालिकेत हिवाळ्यात एकाकी भटकणाऱ्या प्रेमभग्न प्रवाशाची मनःस्थिती गीतागणिक गडद होत जाते.

तबकडीची मर्यादा : ध्वनिमुद्रणाच्या आगमनाने संगीताला प्रथमच टिकाऊ देह मिळाला, पण तो देह तोकडा होता. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता (कोलकाता) येथे प्रारंभ झाला. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग याने त्या वेळी ज्या कलावंतांचे गायन मुद्रित केले, त्यांत गौहरजान (१८७३–१९३०) ही प्रमुख होती. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासचेच ध्वनिमुद्रण मावत असे. परिणामी तास-दीड तास रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसविणे गायकांना भाग पडले आणि संगीत नाटकांतील पदे प्रसंगापासून सुटी होऊन घरोघर पोचली. या सुटेपणाने गाण्यांचा प्रसार झाला, तसाच श्रोत्याच्या मनातील गीताचा आकारही बदलला. गीत म्हणजे तीन मिनिटांची वस्तू, ही कल्पना याच काळात रूढ झाली.

या तबकड्या ज्या मिश्रणापासून बनत, त्यात दगडाची भुकटी व काजळी बांधून ठेवण्यासाठी चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, वापरीत. पळस, कुसुम, बोर यांसारख्या वृक्षांवरील कीटकांच्या स्रावापासून ही लाख मिळते. तिच्या जागतिक पुरवठ्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा होता. छोटा नागपूर हे उत्पादनाचे मुख्य क्षेत्र असले, तरी मध्य प्रांतातील वनांतूनही ती गोळा होई आणि गडचिरोली-गोंदियाकडील जंगलांत लाख हे आजही एक गौण वनोत्पादन आहे. जगाचे संगीत ज्या द्रव्यावर कोरले गेले, त्याचा पुरवठा करणाऱ्या वनप्रदेशांतील रात्रभर चालणारे गायन त्या तबकडीत मावणारे नव्हते, हा या इतिहासातील एक विरोधाभास होय.

दीर्घ रचना मुद्रित करावयाची, तर अनेक तबकड्या लागत. त्या छायाचित्रांच्या संग्रहवहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधीव पिशव्यांत ठेवीत. यावरूनच ‘अल्बम’ हा शब्द ध्वनिमुद्रिकेस चिकटला. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री (१९१२–६७) याचा ‘डस्ट बाउल बॅलड्स’ (१९४०) हा धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांवरील गीतांचा संच संकल्पनाप्रधान ध्वनिमुद्रिकेचा एक आद्य नमुना मानला जातो. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी सूक्ष्म खाचांची दीर्घवादन ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. ती लाखेऐवजी व्हिनिल या कृत्रिम द्रव्याची असून तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मुद्रण मावे. फ्रँक सिनात्रा (१९१५–९८) याची एकाकीपणाच्या एकाच भाववृत्तीवर आधारलेली ‘इन द वी स्मॉल अवर्स’ ही ध्वनिमुद्रिका एप्रिल १९५५ मध्ये निघाली आणि या नव्या साधनाचे कलात्मक सामर्थ्य प्रत्ययास आले.

गीतरामायण : त्याच महिन्यात महाराष्ट्रात हेच कार्य वेगळ्या माध्यमातून सुरू झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची, काव्य ग. दि. माडगूळकर (१९१९–७७) यांचे आणि संगीत सुधीर फडके (१९१९–२००२) यांचे होते. वर्षभर दर आठवड्यास एक याप्रमाणे बावन्न गीतांची योजना होती. परंतु त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन्न गीतांपर्यंत वाढली आणि १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढील रामनवमीस, मालिका पूर्ण झाली. फडके यांच्याबरोबरच माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक इत्यादींनी निरनिराळ्या पात्रांची गीते गाइली. गीतांचे पुस्तक १९५७ मध्ये केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले.

रचनेच्या दृष्टीने गीतरामायण विशेष लक्षणीय आहे. त्यात निवेदक सहसा प्रसंग वर्णन करीत नाही. बहुतेक गीते त्या त्या प्रसंगीच्या पात्राच्या मुखी येतात आणि कथेचा दुवा श्रोत्याच्या मनातील पूर्वज्ञानाने सांधला जातो. आरंभी कुश-लव प्रत्यक्ष रामासमोर त्याचेच चरित्र गातात. अखेरच्या गीतात वाल्मीकी त्यांना ते गाण्याची आज्ञा करतो. शेवट अशा रीतीने आरंभाला येऊन मिळतो व मालिकेला वर्तुळाचा आकार येतो. पाश्चात्त्य संकल्पनाप्रधान ध्वनिमुद्रिकांनी पुढे ज्या रचनातंत्रासाठी नाव मिळविले, ते येथे त्यांच्या आधीच साधले होते. आठवड्याच्या अंतराने येणारे गीत हा खंड वाटण्याऐवजी प्रतीक्षेचा भाग बनला. रेडिओला हार घालून श्रोते गीत ऐकावयास बसत, अशा आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. पुढे फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील संपूर्ण मालिका दीर्घवादन ध्वनिमुद्रिकांवर उपलब्ध झाली आणि रंगमंचावरही ती अनेक वर्षे सादर होत राहिली.

प्रोग्रेसिव्ह रॉक : १९६० नंतरच्या दशकात रॉक संगीत हे प्रामुख्याने नृत्यास अनुकूल, तीन मिनिटांच्या गीतांचे होते. ‘बीटल्स’ या वृंदाच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेने काल्पनिक वाद्यवृंदाच्या चौकटीत गीते गुंफली. त्याच वर्षी ‘मूडी ब्लूज’ने एका दिवसाचे प्रहर हा विषय घेऊन वाद्यमेळासह ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ सादर केली. १९६९ मध्ये ‘किंग क्रिमझन’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने प्रोग्रेसिव्ह रॉकची वैशिष्ट्ये स्थिर केली : दीर्घ व बहुखंडी रचना, विषम मात्रांचे ताल, अभिजात संगीतातील रचनाप्रकारांचा वापर आणि मेलोट्रॉन व सिंथेसायझर या नव्या वाद्यांवर भर. दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेची एक बाजू हे या रचनांचे स्वाभाविक एकक ठरले. बाजू उलटण्याचा क्षणही रचनेत हिशोबात धरला जाई.

या प्रवाहातील विषयांचा विस्तार मोठा होता. ‘जेथ्रो टल’च्या ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२) मध्ये दोन्ही बाजू व्यापणारी एकच रचना आहे. ती एका काल्पनिक आठ वर्षांच्या मुलाची कविता असल्याची बतावणी करून संकल्पनाप्रधानतेचीच थट्टा करते. ‘पिंक फ्लॉइड’ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) काळ, पैसा, वेड व मृत्यू या विषयांना हृदयाच्या ठोक्यांच्या चौकटीत बसविते. अमेरिकेतील लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात ती एकूण ७४१ आठवडे होती. याच वृंदाची ‘द वॉल’ (१९७९) ही या पर्वातील अखेरची महत्त्वाची कृती समजली जाते.

महाराष्ट्र व भारत यांच्याशी यांपैकी दोन कृतींचा साक्षात संबंध येतो. ‘द हू’ या वृंदाची ‘टॉमी’ (१९६९) ही दोन तबकड्यांची रॉक संगीतिका मुख्यतः पीट टाउनशेंड याने रचली. तो मेहेरबाबांचा अनुयायी होता व ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचे नाव छापले आहे. पुणे येथे जन्मलेले मेहेरबाबा (१८९४–१९६९) यांनी १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळले. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले आणि अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी निघालेल्या ‘टॉमी’चा नायक एका हत्येच्या धक्क्याने बहिरा, मुका व आंधळा झालेला मुलगा आहे. आरसा फुटताच तो बरा होतो, लोक त्याला गुरू मानतात आणि अखेरीस त्याच्या पंथाला आलेल्या बाजारी रूपाला विटून त्याच्यावर उलटतात. बाह्य इंद्रियांच्या पलीकडील ज्ञान आणि गुरुपदाचा बाजार ही या कथेची दोन टोके होत. टाउनशेंडने १९७१ मधील आपल्या एका प्रसिद्ध गीताच्या शीर्षकातही ‘बाबा’ हे नाव गोवले.

‘येस’ या वृंदाची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ (१९७३) ही दुसरी कृती परमहंस योगानंद (१८९३–१९५२) यांच्या १९४६ मधील आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली. श्रुती, स्मृती, पुराण व तंत्र असे शास्त्रांचे चार वर्ग त्या टीपेत सांगितले आहेत. गायक जॉन अँडरसन व गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनी दोन तबकड्यांच्या चार बाजूंना हे चार वर्ग वाटून दिले. प्रत्येक बाजूवर सुमारे वीस मिनिटांची एकच रचना आहे. भारतीय विचाराचा उपयोग येथे राग वा ताल यांसाठी नसून केवळ आराखड्यासाठी झाला. इंग्लंडमध्ये ही ध्वनिमुद्रिका विक्रीत अग्रस्थानी पोचली. परंतु रचना माध्यमाच्या मापाला पुरवून ताणल्याचा आक्षेप तिच्यावर घेण्यात आला. या रचनांवर असमाधानी असलेला वृंदाचा कळफलकवादक रिक वेकमन १९७४ मध्ये वृंद सोडून गेला. तीन मिनिटांच्या तबकडीने रचना कापल्या, तर वीस मिनिटांच्या बाजूने त्या फुगविल्या, असे या प्रकरणावरून म्हणता येते.

ऱ्हास व उत्तरकाल : १९७६-७७ च्या सुमारास आलेल्या ‘पंक’ संगीताने आखूड, थेट व खडबडीत गीताचा पुरस्कार करून प्रोग्रेसिव्ह रॉकच्या भव्यतेवर हल्ला चढविला. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सघन तबकडीने एका बाजूची मर्यादा नाहीशी केली आणि तिच्याबरोबर दोन बाजूंचे नाट्यही संपले. पुढे आंतरजालावरून सुटे गीत निवडून ऐकण्याची सोय झाल्यावर श्रोता पुन्हा तीन मिनिटांच्या वस्तूकडे वळला. असे असले तरी हा प्रकार लुप्त झाला नाही. मुंबईच्या ‘कोशिश’ या रॉक वृंदाची ‘फिरदौस’ (२०१३) ही हिंदी ध्वनिमुद्रिका याच परंपरेतील आहे. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या मुंबईच्याच मेटल वृंदाने ‘दशावतार’ (२०१७) मध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या दहा अवतारांवर दहा रचना सादर केल्या. कोकणच्या दशावतारी खेळांना परिचित असलेला क्रम येथे विद्युत गिटारच्या कर्कश नादात प्रकटतो.

मूल्यमापन : संकल्पनाप्रधान ध्वनिमुद्रिकेचा इतिहास हा केवळ एका संगीतप्रकाराचा इतिहास नाही, श्रोता एका रचनेला किती वेळ देण्यास तयार आहे, याचाही तो इतिहास आहे. माध्यमाने हा वेळ कधी तीन मिनिटांवर आणला, कधी वीस मिनिटांवर, तर नभोवाणीने तो वर्षभर पसरविला. ज्या कृती टिकल्या, त्यांनी माध्यमाची मर्यादा ओळखून तिलाच रचनेचे अंग बनविले. गीतरामायण हे त्याचे उत्तम उदाहरण होय. झाडीपट्टीतील रात्रभर चालणाऱ्या नाटकांत आणि परधानांच्या कथागायनात मात्र मर्यादा माध्यम घालीत नाही. ती विधी, ऋतू आणि जमलेला समाज यांनी ठरते. १८६६ च्या मुद्रित पाठात लिंगोगीताचे शब्द उरले आणि स्वर निसटले. आज दीर्घ मुद्रणाला तांत्रिक अडचण उरलेली नाही. त्यामुळे किंगरीच्या साथीने गाइले जाणारे हे कथागायन, ते गाणारे जाणकार आहेत तोवर, आरंभापासून अखेरपर्यंत अखंड मुद्रित करणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे. त्याची सुटी गीते जमविल्याने हे कार्य साधणार नाही, कारण त्या गायनाचा अर्थ त्याच्या क्रमात आणि अखंडपणातच सामावलेला आहे.